उलटा लागलेला ट्रान्झिस्टर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तांनी वेळ कुठे द्यावा, यावर आपल्या सदरात आलेली पत्रे वाचली. वाचनालय, टेकडीवरची झाडे, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळे उत्तमच. पण माझ्यासारख्याचे काय? ३१ वर्षे हातात सोल्डरिंग आयर्न. आधी टीव्ही, मग कारखान्यांतली कंट्रोल पॅनेल. झाडे मी लावतो, पण ती जगत नाहीत.

दीड वर्षापूर्वी ओपन हार्डवेअरचा नाद लागला. सर्किटचा नकाशा, पीसीबीची (भाग ज्यावर बसवतात त्या छापील पाटीची) फाईल, सुट्या भागांची यादी असे सगळे उघड्यावर ठेवायचे. कोणीही बनवावे, बदलावे, हवे तर विकावे. २००५ साली इटलीतल्या इव्रियात जन्मलेला अर्दुइनो हा छोटा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड याच वाटेने आपल्या कॉलेजांच्या प्रोजेक्टपर्यंत पोचला. जिनिव्हाच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेने तर २०११ साली अशा रचनांसाठी खास परवाना लिहून काढला. आपल्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः बनवून पाहायची खुली कार्यशाळा, आहे. म्हणजे हे काही परग्रहावरचे प्रकरण नाही.

अशाच एका परदेशी गटाला मी पत्र लिहिले. माझा अनुभव लिहिला, पगार नको म्हणून लिहिले, 'काही काम असल्यास कळवावे' असा शेवट केला. महिना गेला, उत्तर नाही. राग आला, खोटे कशाला बोलू! हिच्यापुढे बडबडलो, तर ही म्हणाली, "लग्नघरी जाऊन 'काही मदत लागली तर सांगा' म्हणणाऱ्याला कोण काम सांगतं? सरळ वाढायला लागावं."

मग तसेच केले. त्यांचा टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा साधा बोर्ड होता. माझ्या भाचीच्या शाळेतल्या मुलांनी तो बनवला आणि सात बोर्डांपैकी एकही चालेना. शिक्षक म्हणाले, ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, असेल. मी मीटर लावला. जोड ठीक होते. भिंग घेऊन पाहिले आणि हसू आले. यादीत ट्रान्झिस्टर होता टू-एन-३९०४. मुलांना तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाला बीसी-५४७, आणि दुकानदाराने 'चालतो की' म्हणून दिला. चालतो, पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असतात आणि दुसऱ्याचे बरोबर उलटे. सातही ट्रान्झिस्टर काढून फिरवून लावले. सातही दिवे लागले.

ही एवढीच गोष्ट मी दोन फोटोंसकट कळवली: 'बीसी-५४७ वापरायचा असल्यास उलटा फिरवून लावा.' दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर! ओळ त्यांच्या कागदपत्रात गेली, शिवाय विचारणा आली की भारतात सहज मिळणाऱ्या भागांची वेगळी यादी करून द्याल का. दिली. त्या निमित्ताने साठीनंतर कीकॅड शिकलो. पीसीबी आखायचे हे सॉफ्टवेअर फुकट आहे; १९९२ साली फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी ते सुरू केले. आम्ही एकेकाळी पारदर्शक फिल्मवर काळी टेप चिकटवून ट्रॅक आखायचो आणि चुकलो की ब्लेडने खरवडायचो. इथे कंट्रोल-झेड दाबले की झाले. (चुका मात्र वाढल्या आहेत.)

या गटांमध्ये रचना करणारी हुशार मुले पुष्कळ दिसतात. तीच रचना आपल्या गल्लीतले भाग घेऊन बनवून पाहणारा आणि कुठे अडते ते नीट लिहिणारा सापडत नाही. आपल्या वाचकांत टीव्ही मेकॅनिक, आयटीआयचे निवृत्त निदेशक, टेलिफोन खात्यातले जुने लोक नक्की असतील. त्यांनी अर्ज-विनंती न करता एखादा बोर्ड बनवायला घ्यावा. इंग्रजीची भीती बाळगू नये; माझे इंग्रजी डेटाशीट वाचण्यापुरतेच आहे.

सध्या त्याच बोर्डाची जोडणी-पुस्तिका मराठीत करतो आहे. सोळा पानांपैकी अकरा झाली. 'ग्राउंड'पाशी, म्हणजे सर्किटमधल्या शून्य व्होल्टच्या सामाईक जोडापाशी, अडलोय. 'भूसंपर्क' लिहिले तर मुले अर्थिंगची तार शोधायला निघतात आणि 'मायनस' लिहिले तर माझ्यातला जुना माणूस कुरकुरतो. कोणा वाचकाला चपखल शब्द सुचला तर याच सदरातून जरूर कळवावा.

आपला,
एक निवृत्त सर्व्हिस इंजिनिअर
धनकवडी, पुणे