पलंगाखालच्या मनीबद्दल

आर्वी तालुका, जि. वर्धा
२ जून

प्रिय नंदे,

तुझं पत्र परवा मिळालं. मनीला आणून बारा दिवस झाले तरी ती पलंगाखालून निघत नाही, पोरांनी हात घातला की फिसकारते, आणि घरचे म्हणतात, "दे तिले वावरात सोडून." वाचलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सोडू नको गं. आमच्या चिंगी मांजरीचंही असंच झालं होतं.

चिंगी दिवाळीनंतर आली. वेचणीचे दिवस, मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, आणि त्याच्या मागे ही लपलेली. तीनेक महिन्यांची असेल. तुराट्यांच्या ढिगात जन्मलेली, माणसाचा हात कधी लागलेला नाही. पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागून लवकर माणसाळतं. ते दिवस गेले की जमत नाही असं नाही, वेळ मात्र लागतो. मला हे तेव्हा कुठं ठाऊक! लाड करायचे म्हणून मी तिला कापसातून ओढलं, मांडीवर दाबून धरलं. तिनं मनगट कडकडून चावलं. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात हात धुतला आणि आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची इंजेक्शनं घेतली. तुमच्याकडे कुणाला ओरबाडलं तरी हे टाळू नको. हात बरा झाला, पण मी दारात आले की तिच्या पाठीवरची कातडी थरथरायची. ते मला पाहवत नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "काहून तिच्या मांगं लागतं वं? तू आपलं काम कर. ते येईन आपल्या मतानं."

मग रोज दिवेलागणीला त्याच खोलीत सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसायला लागले. तिच्याकडे तोंड नाही, पाठही नाही, जरा कडेनं. टक लावून पाहिलेलं मांजराला धाकासारखं वाटतं. नजर भेटलीच तर डोळे हळूच मिटायचे, हळूच उघडायचे. दहाएक दिवसांनी तिनंही तसेच मिटले. नंदे, मला भरून आलं. त्यानंतर आठवड्याने ती कापसाच्या कडेनं आली, माझ्या पायाची जोडवी हुंगली आणि गाल त्यावर घासला, एकदा डावा, एकदा उजवा. मांजराच्या गालाला वासाच्या ग्रंथी असतात, आपलं म्हणायचं त्याला ते तो वास लावतं. मी बोटसुद्धा हलवलं नाही. डाळ सुपात तशीच राहिली.

म्हणून पलंगाखालून तिला काढूच नका. तिथंच एक खोकं ठेव, दोन्हीकडून उघडं, आत तुझं जुनं लुगडं. पोरांना सांग, एका वेळी एकानंच जमिनीवर बसायचं आणि तिच्या नाकासमोर एक बोट धरायचं. आली तर गालाला, हनुवटीला खाजवायचं. पोटाला हात लावायचा नाही. शेपटी झटकायला लागली की थांबायचं. आणि एखादी फळी उंचावर ठोकून दे, वरून घर पाहायला मिळालं की मांजर निवांत होतं.

खेळ मात्र रोज हवा. दिवसाचे बारा-पंधरा तास ते झोपणारच, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याच्या अंगात शिकार येते. पऱ्हाटीच्या काडीला सुतळी, सुतळीला वाळलेलं बोंड, एवढंच आमचं खेळणं. बोंड तिच्या अंगावर फेकू नको. उंदरासारखं तिच्यापासून लांब पळव, कणगीआड थांबव, पुन्हा सरकव. आमची आधी मान खाली घालते, मागचं बूड हलवते, मग झेप. शेवटी बोंड तिला पकडू दे आणि लगेच खायला घाल. पोट भरलं की अंग चाटत बसेल आणि झोपेल. नखं घासायला ओसरीच्या खांबाला तरट गुंडाळलंय, तेव्हापासून गाद्या वाचल्या.

दूधपोळीवर ठेवू नको. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, चिंगीला जुलाब लागले होते. अंडं उकडून दे, मासोळी दे, पण कांदा-लसूण अजिबात नको. फरशी पुसायच्या फिनाइलपासून तिला दूर ठेव, आणि ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नको, मांजर त्यानं मरतं. रेबीजची लस द्यायची राहिली असेल तर आधी ती दे. सहा महिन्यांची झाल्यावर चिंगीला टोपलीवर जाळी बांधून एसटीनं नागपूरला नेलं, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नसबंदीसाठी. वाटेभर ओरडली बिचारी. घरी आल्यावर दोन दिवस पुन्हा लपली, तेव्हा मी पुन्हा सूप घेऊन बसले.

या उन्हाळ्यात ती दुपारभर न्हाणीच्या ओल्या फरशीवर पसरायची. आता सासूबाई वाती वळत बसल्या की त्यांच्या मांडीला टेकून बसते, आणि त्या तिला हळू आवाजात गावातल्या गोष्टी सांगतात.

दादा शुक्रवारी वणीला येतोय. त्याच्या हाती पऱ्हाटीची काडी, सुतळी आणि चार बोंडं पाठवते. तरट तुझ्याकडे मिळेलच. मनीनं डोळे मिटले की त्याच दिवशी मला कळव.

तुझी,
शोभा