आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : पॅकेजच्या आधी मिठाकडे बघा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स.न.वि.वि.

सोलापूरच्या पूर्व भागात एका छोट्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं रक्त काढतोय. मागच्या आठवड्यात विड्या वळणाऱ्या एक अक्का आल्या. हातात तपासण्यांच्या पॅकेजचं रंगीत पत्रक, त्यात 'होमोसिस्टीन' या रक्तातल्या एका रसायनाच्या तपासणीभोवती पेनानं गोल. कुणीतरी सांगितलं होतं की हे वाढलं की हार्ट अटॅक येतो. किंमत ऐकून त्या मनातल्या मनात हिशोब करू लागल्या, रुपयांचा नाही, विड्यांचा. किती हजार विड्या वळल्या म्हणजे एवढे पैसे होतील? मी विचारलं, अक्का, बीपी कधी मोजलंय का? नाही म्हणाल्या. मोजलं, १८०/११० निघालं, म्हणजे खूपच जास्त. थोडं बसवून पुन्हा मोजलं, तरी तेवढंच.

म्हणून हे पत्र.

अन्न पचल्यावर रक्तात जी बारीकसारीक रसायनं उतरतात, त्यांच्यावर सध्या जगभर अभ्यास चालू आहे. मलाही त्याचं वेड आहे. टीएमएओ नावाचं एक रसायन घ्या. मांसातलं कार्निटीन आणि अंड्यातलं कोलीन आतड्यातले जिवाणू खातात, त्यातून एक वायू तयार होतो आणि यकृत त्याचं टीएमएओ करतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ४,००७ रुग्णांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांच्या रक्तात हे रसायन सगळ्यात जास्त होतं, त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचं प्रमाण सगळ्यात कमी असणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट निघालं. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात कित्येक वर्षं मांस न खाल्लेल्या माणसाला मांस खायला दिलं, तर त्याच्या रक्तात टीएमएओ जवळपास वाढलंच नाही. ते बनवणारे जिवाणूच त्याच्या पोटात फारसे नव्हते. म्हणजे तुम्ही आज काय खाल्लं याइतकंच रोज काय खाता हेही रक्तात दिसतं.

पण मासे खाल्ल्यावर टीएमएओ मटणापेक्षा कितीतरी जास्त वाढतं, आणि मासे खाणाऱ्यांची हृदयं काही त्यामुळे जास्त बिघडलेली दिसत नाहीत. मग हे रसायन आजार घडवतं की नुसती चाहूल देतं, यावर अजून वाद आहे.

होमोसिस्टीनचं तर आधीच तसं झालंय. बी-१२ कमी पडलं की ते वाढतं. आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ, त्यामुळे बी-१२ ची कमतरता घरोघरी. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. बी-१२ आणि त्याच्या जोडीच्या ब जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या की होमोसिस्टीन झटकन उतरतं. पण २००६ मध्ये साडेपाच हजार रुग्णांना पाच वर्षं या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा रक्तातला आकडा उतरला, हृदयविकाराचे झटके काही उतरले नाहीत. पक्षाघात तेवढे थोडे कमी दिसले. हातापायाला मुंग्या येत असतील, थकवा असेल तर बी-१२ जरूर तपासावं. पण पत्रकावरचा तो गोल बघून अक्कांनी पोटाला चिमटा काढावा, हे मला पटत नाही. लॅबवाला असूनही सांगतो.

आता जे पटतं ते. २०२१ मध्ये चीनमधल्या ६०० खेड्यांतला एक मोठा प्रयोग छापून आला. आधी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले, बीपी असलेले सुमारे २१,००० लोक. अर्ध्या गावांना नेहमीचं मीठ, अर्ध्यांना असं मीठ की ज्यात नेहमीच्या सोडियम क्लोराइडऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड. पाच वर्षांत हे बदललेलं मीठ मिळालेल्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. ना नवी गोळी, ना रक्ताची महागडी तपासणी. स्वयंपाक तोच, बरणीतलं मीठ तेवढं बदललं.

हे सोलापुरात चालेल असं मला वाटतं ते आमच्या ताटामुळे. युरोप-अमेरिकेत बहुतेक मीठ पाकिटातून पोटात जातं. आमच्याकडे ते घरच्या बाईच्या चिमटीतून पडतं. ज्वारीची भाकरी उत्तमच, मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. पण भाकरीशेजारी काय असतं? शेंगाचटणी, खर्डा, लोणचं, पापड. (शेंगाचटणीविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही, मला या गावात राहायचंय. मीठ कमी घालून करा, एवढंच.) जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, ती मर्यादा आपण सहज ओलांडतो. याच संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये घरच्या स्वयंपाकात असं कमी सोडियमचं मीठ वापरावं अशी शिफारसही केली. मूत्रपिंडाचे रुग्ण आणि गरोदर बायका यांना मात्र त्यातून वगळलंय. किडनी अधू असेल तर पोटॅशियम अंगाशी येऊ शकतं. बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारलं पाहिजे. म्हणून हे मीठ नुसतं वाटून चालणार नाही.

आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच रुग्णसेवा करता करता वारले. तिकडून हे एवढं मीठ आपण मागून घेतलं तर काही बिघडणार नाही.

मागणी थोडकी आहे. शहराच्या एका वॉर्डात रेशन दुकानातून हे कमी सोडियमचं, आयोडीनयुक्त मीठ साध्या मिठाच्या दरात द्या. आज बाजारात ते महाग मिळतं, म्हणून पूर्व भागात कुणी घेत नाही. देण्याआधी प्रत्येकाचं बीपी आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासा. देखरेख डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे असू द्या, आणि काय झालं ते पाच वर्षांनी जाहीर करा. फुकट तपासण्या सरकारी दवाखान्यात आहेत हे मला ठाऊक आहे. पण विडी आणि यंत्रमाग ही दोन्ही नगावर पैसे देणारी कामं, सकाळ रांगेत गेली की दिवसाची मजुरी गेली. म्हणून बीपीचं मशीन कारखान्याच्या फाटकावर पाहिजे.

माझे वडील मागावर होते. एका पहाटे त्यांचं तोंड वाकडं झालं. अंगावरून वारं गेलं, असं शेजारी म्हणाले आणि दुपारपर्यंत आम्ही तेल चोळत बसलो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला पुढे नोकरीत कळलं. त्यांचं बीपी आम्ही कधीच मोजलं नव्हतं.

अक्कांना मी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. त्या जातील की नाही सांगता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी विड्या द्यायच्या होत्या. सकाळी विड्या मोजून झाल्या की बायका फाटकाजवळ पाच-दहा मिनिटं थांबतात. आपण परवानगी मिळवून दिलीत तर उद्यापासून मी तिथे येतो. मशीन माझं आहे, एक टेबल लागेल.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, सोलापूर