पोकरमध्ये ‘तीन जोड्या’ नसतात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पोकरची ओळख करून देणाऱ्या छापील मजकुरात सगळ्यात आधी दहा हातांचा, म्हणजे पानांच्या जुळण्यांचा, तक्ता येतो. वर रॉयल फ्लश, तळाला नुसतं मोठं पान. तक्ता बरोबर असतो, तो दोन दिवसांत पाठही होतो. पण नवशिकी मंडळी टेबलावर अडतात ती दुसरीकडेच: आधी बोलायचं कुणी, वाढवायचं कितीने आणि दोघांचे हात सारखे दिसले तर जिंकलं कोण. या गोष्टींना जागा मिळावी म्हणून हे पत्र. पुढचं सगळं टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकाराबद्दल आहे, कारण शिकायला सुरुवात बहुतेक जण तिथूनच करतात आणि ते योग्यच आहे.

तक्त्यातली एकच गोष्ट सांगण्यासारखी. तीन पानांचे खेळ खेळलेला माणूस स्ट्रेट, म्हणजे ओळीने आलेली पानं, फ्लशच्या, म्हणजे एकाच रंगाच्या पानांच्या, वर धरतो. त्याची चूक नाही. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत साधा क्रम ७२० वेळा येतो आणि एकाच रंगाची पानं १,०९६ वेळा, म्हणून तिथे क्रम भारी. पाच पानांचे हात २५,९८,९६० होतात आणि तिथे पारडं फिरतं: स्ट्रेट १०,२००, फ्लश ५,१०८. जे दुर्मीळ ते वरचं, एवढाच हिशेब. एक्का दोन्ही टोकांना चालतो, एक्का ते पंजी किंवा दश्शी ते एक्का. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असं वळसा घालून मात्र स्ट्रेट होत नाही. इस्पिक बदामाहून मोठं वगैरेही इथे काही नाही. चारही रंग सारखे.

आता पाळी. बटण नावाची चकती वाटणाऱ्याची जागा दाखवते आणि दर डावानंतर डावीकडे एक जागा सरकते. बटणाच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड आणि त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड पानं वाटण्याआधीच ठरलेल्या चिप्स टाकतात, समजा १० आणि २०. ही सक्ती नसेल तर एक्क्यांची जोडी येईपर्यंत सगळे पानं टाकत बसतील आणि खेळच होणार नाही. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळाली की पहिली बोली बिग ब्लाइंडच्या डावीकडून सुरू होते. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी पहिली तीन पानं उघडल्यावर, मात्र बटणाच्या डावीकडे जो कुणी डावात उरला असेल, तो आधी. हा बदल लक्षात न ठेवल्याने फेरी चुकीच्या माणसापासून सुरू होते, आणि दोघं बोलून गेल्यावर चूक निस्तरणं कटकटीचं होतं. पहिल्या फेरीत सगळ्यांनी नुसतं २० ला कॉल केलं, म्हणजे तेवढेच टाकले, तरी फेरी संपलेली नसते: बिग ब्लाइंडला चेक करायचा, म्हणजे आणखी काही न टाकता पाळी सोडायचा, किंवा वाढवायचा हक्क असतो. घाईचा वाटणारा तिथे न थांबता फ्लॉप उघडतो. दोघंच खेळत असतील तर बटणवालाच स्मॉल ब्लाइंड असतो. तो फ्लॉपआधी पहिला बोलतो आणि नंतर शेवटी.

फ्लॉपला तीन पानं, टर्नला एक, रिव्हरला एक. दरवेळी उघडण्याआधी गड्डीतलं वरचं पान पालथंच बाजूला जातं. नवशिक्यांना हे सोवळं वाटतं. पण बोली चालू असते तेवढा वेळ ते वरचं पान सगळ्यांच्या नजरेसमोर पडलेलं असतं. त्याचा दुमडलेला कोपरा कुणी ओळखला, तरी ते पान खेळात येऊ नये म्हणून ही खबरदारी.

वाढवण्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. ब्लाइंड १०-२० आहेत आणि एकाने एकूण ६० केले. पुढच्याला रेझ करायचा, म्हणजे आणखी वाढवायचं, तर किमान किती? कुणी ८० म्हणतो, कुणी दुप्पट म्हणजे १२०. उत्तर १००. कारण २० वरून ६० म्हणजे वाढ ४० ची झाली, आणि पुढची वाढ निदान तेवढी हवी. ‘साठने’ की ‘साठपर्यंत’ हा वाद नको असेल तर नेहमी एकूण आकडा बोलावा, तोही चिप्सना हात लावण्याआधी. न बोलता हात पुढे नेऊन ६० ठेवले आणि मग ढिगाकडे परतून आणखी ४० उचलले, तर पहिले ६० च धरतात; पहिला ढीग ठेवून समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग वाढवायचं, याला मनाई आहे. तसंच २० द्यायचे असताना न बोलता १०० ची एकच चिप टाकली तर तो कॉल समजतात आणि ८० परत मिळतात.

आता शीर्षकातली गोष्ट. हातातली दोन आणि बोर्डवरची, म्हणजे टेबलावर उघडलेली, पाच अशा सात पानांतून उत्तम पाच निवडायची. स्वतःची दोन, एक किंवा एकही पान वापरलं नाही तरी चालतं. सहाव्या पानाला काडीची किंमत नाही. बोर्डवर राजा, राजा, राणी, राणी, तिर्री आहे असं समजा, फ्लश कुणाचाच होत नाही. तुमच्या हातात अठ्ठ्यांची जोडी आहे, समोरच्याकडे एक्का आणि दुर्री. तुम्हाला तीन जोड्या दिसतात, पण पाच पानांत मावतात दोनच. तुमचा हात दोन राजे, दोन राण्या आणि एक अठ्ठी. त्याचा दोन राजे, दोन राण्या आणि एक्का. तो जिंकला. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा हरणारा दोनदा तरी पानं मोजून बघतो.

किकरचं, म्हणजे जोडी सारखी असताना निकाल ठरवणाऱ्या सुट्या पानाचंही, तसंच. बोर्डवर एक्का, राजा, राणी, नव्वी, चव्वी आहे. एकाकडे एक्का-सत्ती, दुसऱ्याकडे एक्का-तिर्री. सत्तीवाला पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, ओढायला लागतो, पण दोघांचेही पाच सारखेच आहेत: दोन एक्के, राजा, राणी, नव्वी. पॉट निम्मा निम्मा. एखाद्याकडे एक्का-गुलाम असता तर त्याचा गुलाम नव्वीच्या जागी बसला असता आणि पॉट त्याचा झाला असता.

शोडाउनला, म्हणजे अखेर पानं दाखवताना, शेवटची बोली ज्याने लावली किंवा वाढवली तो आधी पानं दाखवतो; रिव्हरला सगळ्यांनी चेक केलं असेल तर बटणाच्या डावीकडून सुरुवात. टेबलावर उताणी ठेवलेली पानं काय सांगतात ते खरं. ‘माझी नुसती जोडी’ असं कुणी म्हणालं आणि त्याचा फ्लश निघाला, तर तो फ्लशच. पण पानं पालथी फेकून रद्दीत मिसळली तर हक्क गेला. म्हणून पॉट समोर सरकेपर्यंत पानांवरचा हात काढू नये.

शिकवताना पहिले दहा डाव सगळ्यांची पानं उताणी ठेवून खेळावेत आणि प्रत्येक डावाअखेर शिकणाऱ्यानेच दोन्ही हात पाच-पाच पानांत मोठ्याने वाचावेत. प्रत्येकाला १०० बिग ब्लाइंड, म्हणजे इथे २,००० चिप्स द्याव्यात. फार कमी दिल्या तर प्रत्येक डाव फ्लॉपआधीच ऑल-इनवर, म्हणजे सगळ्या चिप्स लावून, संपतो आणि पुढच्या फेऱ्या कुणी शिकतच नाही.

राहिला साइड पॉट. तिघं ऑल-इन झाले आहेत: अ चे ५०, ब चे १२०, क चे २००. अ ला दुसऱ्या कुणाकडून ५० पेक्षा जास्त जिंकता येत नाही, म्हणून तिघांचे ५०-५० घेऊन १५० चा मुख्य पॉट करायचा. ब चे उरले ७०. तेवढेच क कडून घेऊन १४० चा साइड पॉट, आणि त्यावर हक्क फक्त ब आणि क चा. हिशेब साइड पॉटपासून करावा, आधी ब-क यांची पानं ताडून तो देऊन टाकावा, मग विजेत्याचा हात अ शी लावावा. क चे वरचे ८० कुणी बरोबरीने लावलेच नव्हते. ते पानं उघडण्याआधीच त्याच्याकडे परत सरकवायचे.

आपले,
पत्त्यांचे खेळ शिकवणारे काही वाचक