पंप न वाढवता माझी पिकअप घाट चढायला लावणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, टायरची हवा बगितलीस का" असं विचारता आणि फोन ठेवता, म्हणून आता लिहूनच काढतोय. सगळ्यांसमोर लिहितोय कारण आमच्या रत्नागिरीकडच्या पाली-नाणीज पट्ट्यात जुन्या पिकअपवाले माझ्यासारखे बरेच आहेत आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, गाडी ओढत नाही आणि डिझेल पिते. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही ते माहितीय, दुकानातला पोरगा वाचून दाखवेल, त्याला सांगा मधलं काही गाळू नको.

मागच्या मार्चमध्ये मी पहिल्यांदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात आलो तेव्हा माझी हालत काय होती ते तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं. गाडी 2007 ची, जुनं मेकॅनिकल पंपाचं (इंजिनात डिझेल सोडतो तो पंप) टर्बो डिझेल, मी सेकंडहँड घेतलेली. आंब्याच्या सीझनला पाच डझनी साठ-बासष्ट पेट्या टाकायच्या, रात्री निघायचं, साखरप्याला चहा मारायचा आणि आंबा घाट चढून पहाटे कोल्हापूर मार्केट यार्डात उभं राहायचं, हे माझं गणित. पण घाटात गाडी दुसऱ्या गियरच्या वर जाईचना. मागे काळा धूर असा की मागचा बाइकवाला दिसायचा नाही. एसटी हॉर्न मारत ओव्हरटेक करून जायची आणि कंडक्टर खिडकीतून बघायचा, तो माझ्याकडे नसेल बघत पण मला तसं वाटायचं.

इकडच्या एकाने सांगितलं हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-रिंगचं काम करावं लागेल, पासष्ट हजार काढून ठेव. दुसऱ्याने आधीच पंपाचं डिझेल वाढवून दिलं होतं, चार दिवस गाडी पळाली आणि मग धूर आणखी वाढला. तिसरा तर कहर, डिझेलच्या पाईपवर बांधायचं एक मॅग्नेट 1800 रुपयांना गळ्यात मारलं, म्हणे मायलेज वाढतं. ते मॅग्नेट तुम्ही काढून कपाटाच्या दाराला चिकटवलंत आणि म्हणालात, "चांगलं हाय, पडलेलं नट गोळा कराय हुईल." मी हसलो पण आतून रडत होतो हो मामा, 1800 रुपये म्हणजे काय कमी आहेत का.

तर मी आलो तेव्हा माझी मागणी एकच होती, पंप अजून वाढवून द्या. आणि तुम्ही म्हणालात, "देतो की वाढवून. मग वर्षानं पिष्टन घेऊन ये." मला राग आला होता खरं सांगतो. मी म्हणलं पैसे मी देतोय ना. तुम्ही काही बोलला नाहीत, आईल टाकायची टोपी चालू इंजिनवर उघडलीत, दोन मिनिटं बघितलंत, म्हणालात टोपीतनं कॉम्प्रेशन बाहेर मारत न्हाई, इंजिन बरं हाय, त्याला हिथंच ठेवू या. पासष्ट हजार तिथेच वाचले होते, मला कळायला तीन दिवस लागले.

आणि मग तुम्ही बॉनेटकडे न जाता गाडीचं मागचं चाक जॅकवर घेतलंत. मला वाटलं हा माणूस पंपवाला आहे की पंक्चरवाला. एकेक चाक उचलून हाताने फिरवून बघायला लावलंत, तीन चाकं फिरली आणि मागचं उजवं हाताने ढकललं तरी जेमतेम अर्धा फेरा. ब्रेकचा लायनर चिकटून राहत होता, चाकातला ब्रेकचा सिलेंडर गंजून जाम, पावसाळ्यात पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पाण्यातून गाडी घालायचो त्याचा प्रसाद. म्हणजे मी दोन वर्षं ब्रेक लावूनच गाडी चालवत होतो आणि शिव्या इंजिनला देत होतो. चाक तापायचं, रिम हाताला चटका द्यायची, मी म्हणायचो घाटात तापणारच. तापलं तर चारही तापली असती ना, एकच कसं तापेल, हा साधा विचार डोक्यात आला नाही.

एअर फिल्टरचं तर मी तुमच्यासमोर खोटं बोललो होतो. म्हणलं परवाच साफ केलाय. साफ केला होता पण कसा, तर पंक्चरच्या दुकानात बाहेरून फुल प्रेशरने हवा मारून. सीझन संपला की मी चिऱ्याच्या खाणीवरून जांभा वाहतो, तिथली लाल धूळ माहितीय तुम्हाला, पावडरसारखी, दारं बंद असली तरी बनियनपर्यंत येते. ती धूळ मी बाहेरून हवा मारून फिल्टरच्या कागदात आणखी ठोकून बसवत होतो. तुम्ही तो फिल्टर बल्बसमोर धरून मला आतून बघायला लावलंत, काही उजेडच नाही, आणि एका घडीजवळ मात्र टाचणीएवढा उजेड, म्हणजे कागद तिथे फाटलेला. जिकडून हवा जायला पाहिजे तिकडून बंद आणि जिथून धूळ जायला नको तिथून चालू. तेव्हा तुम्ही थोडे चिडलात, पहिल्यांदाच.

पण खरी गंमत त्या होजची झाली. टर्बोकडून इंजिनात हवा नेणारा रबरी पाईप वरून बघितला तर ठणठणीत. मी स्वतः किती वेळा बघितला असेल. तुम्ही तो काढून दोन्ही तोंडं बंद केलीत, थोडीशी हवा सोडलीत आणि साबणाचं पाणी फासलंत, तर खालच्या बाजूला क्लॅम्पच्या कडेला फेस फुगायला लागला, लहान पोरं साबणाचे फुगे काढतात ना तसा. वाकवल्यावर दिसली ती चीर, चांगली बोटभर. घाटात लोडवर टर्बो हवा दाबायला लागला की ती चीर उघडायची आणि दाबलेली हवा बाहेर, रिकाम्या गाडीला मात्र काही कळायचं नाही. ते सूं सूं आवाज येतो म्हणून मी आधी सांगितलं होतं तेव्हा एकजण म्हणाला होता टर्बो मस्त चालू आहे त्याचाच आवाज आहे.

इथे तुम्ही जे समजावलंत ते मी आता सगळ्यांना सांगत फिरतो, म्हणजे जरा जास्तच सांगतो असं बायको म्हणते. डिझेल जळायला हवा लागते. हवा अर्धी बाहेर चाललीय, अर्धी फिल्टरने अडवलीय, आणि वरून पंप वाढवून डिझेल जास्त सोडलंय, मग ते जळणार कुठे, तो काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेलच, आपण पैसे देऊन घेतलेलं. चुलीत ओली लाकडं कोंबून फुंकणी बंद केल्यासारखं. तुम्ही पंप टेबलवर लावून डिझेल परत कमी केलंत तेव्हा माझा जीव खालीवर होत होता, हा माणूस डिझेल कमी करतोय आणि म्हणतोय गाडी जास्त ओढेल. इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे नोझलही टेस्टरवर मारून दाखवलेत, दोन बरे होते, एक तिरका फवारा मारत होता आणि एक चक्क थेंब थेंब गळत होता. टिपा बदलल्या, प्रेशर सेट केलं, खालचे तांब्याचे वायसर नवे टाकले. जुनेच परत टाकू का असं मी विचारलं होतं, चार वायसरचे पैसे वाचवायला, ते कृपा करून विसरून जा.

थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवून धरणाऱ्या वॉलची गोष्ट राहिलीच. गाडीत तो नव्हताच. कोणीतरी आधीच्याने काढून फेकलेला, गाडी गरम होऊ नये म्हणून, आमच्याकडे सर्रास करतात हे. माझा टेंपरेचरचा काटा कायम तळाला आणि मी खुश, गाडी थंड चालते म्हणून. तुम्ही म्हणालात थंड इंजिन डिझेल जास्त खातं आणि झिजतंही जास्त, आईल पातळ होत नाही, आत नीट जळत नाही. मग नवा वॉल आणलात तो समोरच्या चहावाल्याच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते बघितलंत, साधारण 82 डिग्रीला उघडायला पाहिजे म्हणालात, आणि चहावाला कपाळाला हात लावून उभा. त्या पातेल्यातला पुढचा चहा मी प्यायलो नाही, तुम्ही प्यायलात. त्याबरोबर रेडिएटरच्या जाळीतली लाल माती पण धुऊन काढायला लावलीत मला, कारण वॉल काढायची वेळ आधीच्यावर बहुतेक त्या मातीमुळेच आली असणार.

आता हिशोब. मी म्हणत होतो गाडी लिटरला 9 देते. तुम्ही विचारलंत कशावरून, मी म्हणलं अंदाजे, दोन हजाराचं टाकलं की एवढं जाते. तुम्ही हसलातही नाहीत. पोराकडून शंभर पानी वही मागवलीत, आणि सांगितलंत एकाच पेट्रोल पंपावर, एकाच जागी उभं करून, फुल टाकी, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, कोंबायचं नाही, परत फुल करताना जेवढं बसलं तेवढं जळलं, वहीत लिही, पाच फेऱ्या झाल्याशिवाय मला आकडा सांगू नको. आणि वर हे की तुझा मीटरच खोटा बोलतोय. आधीच्या मालकाने दिसायला गाडी उंच वाटावी म्हणून मोठे टायर बसवलेले, त्यामुळे चाक एका फेऱ्यात जास्त जातं आणि मीटर कमी दाखवतो. मी हायवेच्या दगडांवर मोजलं, दगड 10 किलोमीटर म्हणतोय तेव्हा माझा मीटर 9.4. म्हणजे माझे ते 9 खरे साडेनऊ होते. आनंद व्हायचं कारण नव्हतं म्हणा, कारण तेच मोठे टायर घाटात गाडीला जड पडत होते, प्रत्येक गियर थोडा वर चढवल्यासारखा. झिजल्यावर कंपनीच्या मापाचे टाकले आणि तिथे परत फरक जाणवला.

वही आता अर्धी भरलीय. लोडवर जाऊन रिकाम्या क्रेट किंवा गुळाचे रवे घेऊन परत, जाऊन येऊन 260 किलोमीटर धरा, साडेबाराच्या आसपास पडतंय. आधी त्याला सव्वासत्तावीस लिटरच्या वर लागायचं, आता एकवीसच्या आत. साडेसहा लिटर एका फेरीला, नव्वदचा भाव धरला तर सहाशेच्या आसपास. तुमचं सगळं बिल पार्टसकट साडेअकरा हजार झालं होतं, सीझनच्या वीसेक फेऱ्यांत फिटलं. आणि घाट, मामा, तिसऱ्यावर निघतो, फक्त ती दोन अवघड वळणं सोडली तर. धूर नाही. पीयूसीवाल्याने दोनदा मशीन बघितलं.

नवी गाडी झालीय असं काही म्हणत नाही मी, म्हातारी ती म्हातारीच, नवीन पिकअप अजूनही मला मागे टाकून जातात. चिऱ्याच्या महिन्यांत आकडा अकरावर येतो, तो लोड आणि तो रस्ताच तसा, आणि फिल्टर दर पंधरवड्याला काढतो, आतून बाहेर हलकी हवा, बल्बसमोर धरून बघतो, फाटला की सरळ नवा.

दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत. एक म्हणजे घाट उतरताना मी न्यूट्रल करायचो, डिझेल वाचतं म्हणून, आमच्यात हे सगळे करतात. तुम्ही सांगितलंत की गियरमध्ये पाय उचलला की पंप डिझेल जवळजवळ बंदच करतो आणि न्यूट्रलला उलट इंजिन स्लो ठेवायला डिझेल जातच राहतं, शिवाय सगळं वजन ब्रेकवर. ते सोडलंय. परवा एका ओळखीच्या पोराची गाडी साखरप्याच्या अलीकडे ब्रेक धुरावून उभी होती, त्याला तुमचं वाक्य तुमच्याच आवाजात सांगितलं, "गियर कंपनीनं उतराय पन दिल्यात गा."

दुसरं म्हणजे साठच्या वर जाऊ नको म्हणाला होतात, ते मी पाळत नाही. भाव उतरायच्या आत यार्डात पोचायचं असतं, वरच्या सपाटीला सत्तर होतंच. वहीत दिसतं ते, सत्तरच्या फेरीला डिझेल जास्त बसलेलं असतं, त्या ओळीवर मी लाल पेनाने खूण करतो. ताडपत्री मात्र तुम्ही दाखवलीत तशी आवळून बांधतो, आधी ती शिडासारखी फुगायची आणि आमच्या दर्यावर्दी आजोबांनी बघितलं असतं तर म्हणाले असते वारा पुढून आणि शीड मागे, कुठे निघालास.

तुम्ही पंप वाढवून तीनशे रुपये घेऊन मला अर्ध्या तासात वाटेला लावू शकला असता, मी तर तेच मागत होतो. त्याऐवजी तीन दिवस ठेवून घेतलंत, रात्री दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिलीत, काकूंनी पाठवलेल्या डब्यातली भाकरी आणि तो तिखटजाळ झुणका अर्धा मला दिलात, माझ्या डोळ्यातून पाणी आलं ते झुणक्याने होतं असं तेव्हा म्हणलो होतो.

यंदाची पहिल्या तोडीची एक पेटी मार्केट यार्डात न उतरवता तुमच्याकडे घेऊन येतोय, पैसे काढायला खिशात हात घातलात तर परत येणार नाही. अढी घातलेली आहे, पाच-सहा दिवस लागतील पिकायला. पेटी घरी न्या लगेच, पंपाच्या टेबलाखाली ठेवू नका, आंब्याला डिझेलचा वास लागतो.

तुमचा,
पालीचा पिकअपवाला