टेट्रापॉड टाकले म्हणजे काम संपलं असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाढवण बंदराच्या बातम्या तुमच्या पेपरात नेमाने वाचतो. जमीन, मासेमारी, रोजगार यावर बरंच छापून येतं आणि ते यायलाच हवं, पण तिथे समुद्रात १०.१४ किलोमीटरचा ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, बांधायचाय त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुणेकरांनी तरी बोलावं, कारण असल्या बांधकामांची मॉडेल लाटांखाली तपासणारी, १९१६ साली सुरू झालेली सीडब्ल्यूपीआरएस ही केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आपल्या खडकवासल्यालाच आहे.

ब्रेकवॉटरच्या पोटात दगडच असतात, पण लाटेचा मार खातो तो बाहेरचा थर. तिथल्या एकेका दगडाचं वजन किती हवं ते हडसनच्या फॉर्म्युल्याने काढतात, आणि त्यात लाटेच्या उंचीचा घन येतो. म्हणजे लाट ३ मीटरऐवजी ४ मीटरची धरली की वजन दुपटीहून जास्त लागतं! एवढे मोठे दगड खाणीत मिळत नाहीत म्हणून मग काँक्रीटचे पायवाले ठोकळे, म्हणजे युनिट: टेट्रापॉड, डोलोस, अ‍ॅक्रोपोड. पाय एकमेकांत अडकतात, मधे पोकळी राहते, त्यात पाणी शिरून लाटेचा जोर मोडतो, आणि दगडापेक्षा कमी वजनात काम भागतं.

पण सगळी मदार त्या अडकण्यावर. पोर्तुगालमध्ये सिनेस बंदराला ४२ टनांचे डोलोस लावले होते, फेब्रुवारी १९७८ च्या वादळात त्यांचा थर उद्ध्वस्त झाला. बहुतेक वेळा या युनिट्समध्ये लोखंडी सळई नसते, काँक्रीट दाब सोसतं पण ताण सोसत नाही, आणि युनिट जितकं मोठं तितका स्वतःच्या वजनानेच ताण वाढत जातो. लॅबमधलं छोटं युनिट मात्र त्या मानाने फारच मजबूत असतं, ते हलतं पण तुटत नाही. म्हणून मॉडेलमध्ये किती युनिट निसटले एवढंच मोजून भागत नाही, जागच्या जागी डुलणारे किती तेही मोजावे लागतात, कारण समुद्रात तेच डुलून डुलून तुटणार.

कोकणात आमच्या गावच्या जेटीशेजारी हे रोज दिसतं. एका टेट्रापॉडचा पाय मुळापासून तुटलाय, आतली खडी उघडी पडलीय, आणि तो तुटका पाय उधाणाच्या लाटांबरोबर घरंगळून शेजारच्या धड टेट्रापॉडवर आपटतोय, त्याचेही कोपरे उडालेत. दरवर्षी वरून चार नवीन टाकतात, पण ते नुसते वर बसतात, अडकत नाहीत. खाली पायथ्याची वाळू वाहून गेलीय ते बघायला पाण्यात कुणी उतरत नाही आणि पायथा सुटला की अख्खा उतारच खाली सरकतो हो!

माझी मागणी साधी आहे. राज्यातल्या प्रत्येक ब्रेकवॉटरची, लहान असो की वाढवणसारखा मोठा, पावसाळा संपला की पाण्याखालून सुद्धा पाहणी व्हावी, प्रत्येक युनिटला नंबर देऊन हललेले आणि तुटलेले वेगवेगळे मोजावेत, आणि तो रिपोर्ट गावातल्या मच्छीमार सोसायटीला मराठीत मिळावा. दुरुस्तीचे पैसे पण मूळ टेंडरमध्येच धरा, नंतर कुणी देत नाही.

आपला,
एक वाचक
सिंहगड रोड, पुणे