घोळक्यात सायकल चालवायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौशी सायकल शर्यतींच्या तयारीवर आपल्या क्रीडा पुरवणीत आलेला लेख वाचला. नोकरीधंदा सांभाळून पहाटे सायकल काढणाऱ्यांची दखल एखाद्या दैनिकाने घेतली, याचा आनंदच आहे. एरवी आम्ही बातमीत येतो ते पडल्यावर. लेखात पायडलवर लावलेली ताकद मोजणारा पॉवर मीटर आला, ती ताकद सांगणारे वॅट आले, हृदयगतीचे टप्पे आले, कार्बनची चाकंही आली. पण रस्त्यावरच्या शर्यतीत आपल्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना माणसं असतात आणि त्यांच्यात सायकल चालवणं हे एक वेगळं कसब आहे, याचा त्यात उल्लेखही नाही. म्हणून हे पत्र.

तयारीच्या भागाशी माझं फारसं भांडण नाही. व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल दमाच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की त्यांची साधारण ८० टक्के सत्रं आरामात गप्पा मारता येतील इतक्या हलक्या गतीची असतात आणि उरलेली खरोखर घाम काढणारी. आम्ही हौशी लोक नेमकं उलट करतो. हलक्या दिवशी शेजारून कोणी पुढे गेलं की मान खाली घालून त्याच्या मागे लागतो आणि इंटरव्हलच्या, म्हणजे थोडा थोडा वेळ पूर्ण जोर लावायच्या सरावाच्या दिवशी पायांत काही उरलेलंच नसतं. २० मिनिटांच्या चाचणीतल्या सरासरीच्या ९५ टक्के म्हणजे एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद), हा ढोबळ हिशेबही चालण्यासारखा आहे. लांब शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत आणि पोटाला ती सवय सरावातच लावावी लागते, एवढं मात्र लेखात यायला हवं होतं. असो.

आता मुद्द्याचं. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वारा मोडत ताशी ४० किलोमीटरवरून ४४ वर जायचं, तर वेग वाढतो १० टक्के आणि त्या कामाला लागणारे वॅट वाढतात सुमारे ३३ टक्के. हंगामभर इमानेइतबारे सराव करून एखाद्याने पाच-सहा टक्के वॅट कमावले, तर सपाटीवर एकट्याने जाताना त्यातून हाती लागतो जेमतेम दोन टक्के वेग. उलट पुढच्याच्या चाकामागे नीट बसता आलं, तर पाव ते एक तृतीयांश मेहनत तिथेच वाचते. मोठ्या घोळक्यात तर विचारूच नका. वायुगतिकीचे संशोधक बर्ट ब्लोकेन यांच्या चमूने २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्यातला हवेचा प्रवाह तपासला होता. मागच्या भागात, मधोमध बसलेल्याला एकट्या सायकलस्वाराच्या तुलनेत केवळ ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यांना आढळलं. इतकी मोठी सवलत समोर फुकट ठेवलेली असताना आम्ही चाकांच्या वजनातले ग्रॅम मोजत बसतो!

ही सवलत घ्यायची कशी, ते मात्र कोणी शिकवत नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाकडे टक लावून बघायचं नसतं. नजर त्याच्या खांद्यावरून आणखी तीन-चार जण पुढे हवी. बोटं ब्रेकवर असतात, पण ब्रेक सहसा दाबायचा नाही. वेग जास्त झाला तर पाय थांबवावा, नाहीतर किंचित बाजूला सरकून छातीवर वारा घ्यावा, वेग आपोआप उतरतो. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी शिरू द्यायचं नाही. शिरलं आणि तो खड्डा चुकवायला वीतभर सरकला, की चाकाला चाक घासतं. पुढच्याला बहुतेक वेळा काहीच होत नाही, तो निघूनही जातो. पडतो तो मागचा, आणि त्याच्यावर त्याच्या मागचे. चढावर नवखा माणूस पायडलवरचा दाब सोडून उभा राहतो. त्या क्षणी त्याची सायकल मागे येते आणि मागच्याला ब्रेक मारावा लागतो. जाणता माणूस आधी एक गिअर जड करतो आणि पायडल खाली दाबता दाबताच उठतो, मागच्याला कळतसुद्धा नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पाळी घेणं, म्हणजे आळीपाळीने पुढे येऊन सगळ्यांसाठी वारा मोडणं. आघाडीवरचा बाजूला झाला की त्याच्या जागी आलेल्याने वेग तोच ठेवायचा असतो. नवखा गडी पुढे येतो, अंगात वारं शिरतं, वेग एकदम वाढतो, मागची रांग रबरासारखी ताणली जाते आणि शेवटच्या दोघा-तिघांना ते अंतर भरून काढायला जीव तोडून पळावं लागतं. एवढं करून हा पठ्ठ्या तीन पाळ्यांत संपतो आणि मागे पडताना म्हणतो, आज पाय नव्हते. पाय होते, पाळी घेता येत नव्हती. आडव्या वाऱ्यात रांग तिरपी लागते आणि रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा मिळतो. बाकीचे कडेला एकामागे एक वारा खात सुटत जातात. एफटीपी कितीही असो, ती जागा आधी हेरून ठेवावी लागते.

घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या यंत्रावर, यातलं काहीच येत नाही. तो वाईट नाही, मीही वापरतो. पावसाळ्यात त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. पण तिथे जे मोजलं जातं ते इंजिन, म्हणजे नुसती अंगातली ताकद. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची पहिली ई-स्पोर्ट्स (ट्रेनरवर बसून पडद्यावर खेळायची) जागतिक स्पर्धा २०२० मध्ये झाली. पुरुषांमध्ये ती जिंकली जेसन ऑस्बॉर्न या जर्मन खेळाडूने, आणि तेव्हा त्याचा मुख्य खेळ होता रोइंग! पुढच्याच वर्षी त्याने टोकियोत रोइंगचं ऑलिम्पिक रौप्यही मिळवलं. त्याच्या दमाला सलाम, पण पडद्यावरच्या घोळक्यात कोणाचं चाक कोणाला घासत नाही.

याच टोकियो ऑलिम्पिकमधली महिलांची रोड रेस आठवून पाहा. २५ जुलै २०२१, अंतर १३७ किलोमीटर. सुवर्ण मिळालं ऑस्ट्रियाच्या आना कीझेनहोफरला. ती गणितातली संशोधक. त्या वेळी कोणत्याही व्यावसायिक संघाशी तिचा करार नव्हता आणि सरावाची आखणी ती स्वतःच करायची. बातम्यांतून ही कथा ‘एकटीने जगाला हरवलं’ अशी सांगितली गेली. एकटी ती झाली शेवटच्या सुमारे ४० किलोमीटरला. त्याआधीचा सगळा वेळ ती सुरुवातीलाच सुटलेल्या पाच जणींच्या तुकडीत होती, आणि त्या तुकडीने पाळ्या वाटून घेतल्या नसत्या तर एवढ्या लांब एकटीने जायला तिच्याकडे काय उरलं असतं? दुसरीकडे मागे नेदरलँड्सचा संघ होता, कागदावर सगळ्यांत ताकदवान. ऑलिम्पिकमध्ये संघाशी बोलायला रेडिओ नसतो. पुढे अजून कोणी आहे याचा हिशेबच त्यांना लागला नाही आणि ॲनेमीक फान फ्लॉइटन दुसरी येऊनही जिंकल्यासारखे हात उंचावत रेषा ओलांडून गेली. वॅटमध्ये तो संघ कुठेच कमी नव्हता.

हा केवळ हारजितीचा प्रश्न असता तर मी पत्र लिहिलं नसतं. बहुतेक हौशी शर्यतींचा प्रवेश अर्ज वय विचारतो, रक्तगट विचारतो, टी-शर्टचं माप विचारतो आणि शेवटी ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही घेतो. घोळक्यात कधी चालवली आहे का, हे मात्र विचारत नाही. मग आयुष्यात कायम एकट्याने फिरलेला माणूस महागडी सायकल घेऊन पहिल्या वळणावर वीस जणांच्या मधोमध ब्रेक दाबतो. ‘शर्यती करता करता येतं हो’ असं जुने लोक म्हणतात. येतं ना, पण तोवर कॉलरबोन दुसऱ्याचं मोडलेलं असतं.

व्यावसायिकांचीही सुरक्षेच्या बाबतीत हीच तऱ्हा होती. हेल्मेटची सक्ती वर्षानुवर्षं टळत राहिली; मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत पडून आंद्रेई किव्हिलेव्ह गेला, तेव्हा कुठे त्याच वर्षी यूसीआयने नियम केला. हौशी शर्यतींनी तशी वाट पाहायचं कारण नाही. ब्रिटनमधल्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या खास ट्रॅकवर, पायऱ्यापायऱ्यांचं प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय ट्रॅकवरच्या शर्यतीत उतरू देत नाहीत आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. रस्त्यावर एवढं कडक नको. शर्यतीच्या आदल्या दिवशी तासाभराची कवायत ठेवा : जोडीने चालवणं, खांद्याला खांदा लागला तरी न दचकणं, पाळी घेणं आणि सोडणं, वळणाआधी ब्रेक आणि वळणात आतलं पायडल वर. पहिल्यांदाच येणाऱ्यांना वेगळ्या तुकडीत सोडा आणि त्यांच्याबरोबर दोन अनुभवी माणसं पाठवा. खर्च जवळजवळ शून्य. क्लबांनीही रविवारच्या राइडला सरासरी वेगाचे फोटो टाकण्याआधी नवीन आलेल्याला रांगेत कुठे बसायचं ते दाखवावं.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या शर्यतीला आपल्या वार्ताहराला अंतिम रेषेपाशी उभं करू नका. तिथे फक्त स्प्रिंट दिसतो. त्याला वारा आडवा लागतो त्या मोकळ्या पट्ट्यात पाठवा आणि संध्याकाळी विजेत्याला सायकल कोणती, हे विचारण्याऐवजी एवढंच विचारायला सांगा : शेवटच्या दहा किलोमीटरला तुम्ही कोणाच्या चाकामागे होतात, आणि का?

आपला,
एक हौशी शर्यतपटू