चाचणी आमच्या माणसावर, निकाल मात्र आम्हाला नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातून फोन आला. ‘काकी, कंपनीने स्टडी बंद केलाय. आता पुढच्या तारखेला येऊ नका, उरलेल्या गोळ्या तेवढ्या परत आणून द्या.’ माझ्या यजमानांवर लकव्याच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. मी विचारलं, बंद का केली? औषधाने काही अपाय होतोय का? यांना खरी गोळी होती की तुलनेसाठी काहींना देतात ती नुसतीच साखरेची? पलीकडची मुलगी म्हणाली, ‘ते आम्हालाही माहीत नसतं,’ आणि तिने फोन ठेवला.

यजमान तुर्भ्याच्या मार्केटात मापाडी होते. काट्यापाशी उभे असतानाच एका पहाटे अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा बसली. बरोबरच्या माथाडींनी टेम्पोत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे सीटी स्कॅनचं मशीन होतं, पण ते चालवणारा माणूस नऊ वाजता येणार होता. मग दुसरीकडे पाठवलं. तिथे स्कॅन होईपर्यंत साडेचार तास उलटून गेले होते. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. माझी मुलगी नर्सिंगला आहे, तिने सांगितलं की मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात. साहेब, नऊची वाट बघत मशीन बंद ठेवणाऱ्यांना हा हिशोब कुणी सांगायचा?

चाचणीचे कागद त्याच रात्री पुढे आले. कागद मराठीत होते म्हणायचे, पण ते वाचून कोणाला कळावं? आयसीयूच्या दाराशी उभ्या उभ्या सह्या घेतल्या. तपासण्या फुकट होतील एवढंच माझ्या डोक्यात शिरलं, आणि त्या घटकेला तेवढं पुरे होतं. सहीचा कागद त्यांनी फाइलला लावला, आम्हाला प्रत दिलीच नाही. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की माहितीपत्रक आणि सही केलेलं संमतीपत्र यांची प्रत रुग्णाला किंवा त्याच्या माणसाला द्यायची. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यायची, हेही त्यातच आहे. पण चाचणी कशी बंद झाली तेच कळत नसेल, तर इजा झाली की नाही हे मी कुठून ओळखायचं?

मी चाचण्यांच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन उपयोगी पडतं हे 1995 साली अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं. ते द्यायची वेळ तीन तासांवरून साडेचारवर गेली ती 2008 च्या युरोपातल्या चाचणीमुळे. रक्तवाहिनीत तार घालून गुठळी ओढून काढायची पद्धत 2015 मध्ये सिद्ध झाली, आणि 2018 मध्ये निवडक रुग्णांना 24 तासांपर्यंतही ती लागू पडते हे कळलं. कुणाकुणाच्या घरच्यांनी आपला माणूस पुढे केला म्हणून हे झालं. आम्हीही आमचा माणूस पुढे केला. मग फोनवर दोन वाक्यांत त्याची बोळवण का?

आणि आपल्याच देशातल्या चाचणीचं काय केलंत? भारतातल्या 14 रुग्णालयांत लकव्याच्या 1250 रुग्णांवर एक अभ्यास झाला, 2017 मध्ये तो छापून आला. घरच्यांनाच व्यायाम शिकवून घरी पाठवलं तर रुग्ण सुधारतो का, हे तपासलं होतं. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत मृत्यू आणि परावलंबन दोन्हींत फरक नव्हता. तरीसुद्धा आम्हाला सुट्टी देताना हातात काय दिलं? व्यायामाच्या चित्रांचा एक झेरॉक्स, आणि ‘घरीच करून घ्या.’

ते घरी करणं कसं असतं ते या, बघा. यांची मूठ इतकी घट्ट आवळली जाते की नखं तळव्यात रुततात. आधी मनगट खाली वाकवायचं, मग अंगठा सोडवायचा, मग एकेक बोट. जोर केला तर मूठ आणखी आवळते. आत घामाने कातडी पांढरी पडलेली असते, ती पुसून, कोरडी करून कापडाची गुंडाळी ठेवायची. खांदा ओढला गेला की हे ओरडतात, शब्द नसलेलं ओरडणं. मी बालवाडीत नोकरीला होते, ती सोडली. फिजिओवाला घरी येऊन एका वेळचे जे घेतो त्यात आमचा दोन दिवसांचा बाजार येतो. जनआरोग्य योजनेची मर्यादा तुम्ही पाच लाखांवर नेली, पण माणूस दवाखान्यातून घरी आल्यावर पुढची वर्षं कशी काढायची?

विचारायला जावं तर दार कुठलं हेच कळत नाही. जिल्हा रुग्णालयं तुमच्या खात्याची, मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याची, महापालिकेचे दवाखाने पालिकेचे, औषध चाचणीची परवानगी दिल्लीची. चार दारं आणि प्रत्येकावर दुसऱ्या दाराकडे बोट. देशात वर्षाला दहा लाखांहून जास्त लोकांना लकवा होतो. त्यांतले किती वेळेत पोचतात, किती पुन्हा कामाला लागतात, याची ठाणे जिल्ह्यापुरती तरी नोंद तुमच्या टेबलावर आहे का? असेल तर जाहीर करा. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वस्तीत साताऱ्याहून आलेली माणसं पाठीवर गोणी वाहून म्हातारी होतात, त्यांचं ब्लड प्रेशर कुणी कधी मोजलंय? चाचणीला माणसं हवी असली की मात्र आमचा पत्ता बरोबर सापडतो.

हा दिल्लीचा विषय आहे असं उत्तर पाठवू नका. दिल्लीला पत्र लिहायला तुमचा लेटरहेड आहे, माझ्याकडे वहीचा कागद आहे. राज्यात जिथे जिथे चाचणी चालते तिथे सहीची प्रत हातात मिळालीच पाहिजे. चाचणी संपली किंवा मध्येच थांबली तर कारण आणि निकाल, कोणाला कोणती गोळी होती यासकट, साध्या मराठीत घरी आला पाहिजे. ज्याने अंग दिलं त्याच्या फिजिओथेरपीचा खर्च कंपनीने चाचणीनंतरही उचलला पाहिजे. आणि सीटी स्कॅन रात्री चालवणारा माणूस प्रत्येक मोठ्या दवाखान्यात हवा.

गोळ्या मी परत केलेल्या नाहीत. त्या काय आहेत हे लेखी कळल्याशिवाय करणारही नाही.

आपली,
एका मापाड्याची बायको
कोपरखैरणे, नवी मुंबई